ग्रीक सॅलडच्या तळाशी साचणारं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : घरी केलेल्या ग्रीक सॅलडला तळाशी पाणी सुटतं, फेटा हे ग्रीक चीज खारट लागतं, बाटलीतलं ‘ग्रीक ड्रेसिंग’ घालूनही अथेन्सला खाल्लेली चव येत नाही. तेव्हा लेट्यूस कोणतं घ्यावं, ड्रेसिंग घरी कसं करावं आणि पाणी कसं थांबवावं? मी पेलोपोनीजमधल्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पातल्या, एका तवेर्नात, म्हणजे तिकडच्या घरगुती खाणावळीत, काही उन्हाळे काम केलं आहे आणि आता पुण्यात त्या भागातला स्वयंपाक शिकवतो. वर्गात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ते थांबवायचं नाही. टोमॅटोला मीठ लागलं की रस सुटतो. त्यात ऑलिव्ह तेल मिसळतं, फेट्याचा खारटपणा उतरतो, कांद्याचा आणि ओरेगॅनोचा वास शिरतो. वाडग्याच्या तळाशी जे जमतं तेच या सॅलडचं ड्रेसिंग. वेगळं ड्रेसिंग ग्रीक घरात कोणी करत नाही. तेलाची बाटली थेट वाडग्यावर उपडी होते. जेवण संपत आलं की पावाचा तुकडा त्या रसात बुडवून खातात, त्याला ‘पापारा’ म्हणतात. घरातले लहानमोठे सगळे त्यासाठी टपलेले असतात, आणि पाहुण्यांसमोरही कोणी संकोच करत नाही.

मात्र तळाशी साचणारं पाणी दोन तऱ्हांचं असतं. पिकलेल्या टोमॅटोतून मीठ लागल्यावर पाच-दहा मिनिटांत सुटलेला रस दाट, आंबटगोड आणि तेलाशी एकजीव होणारा असतो. धुतलेल्या भाज्या न पुसता चिरल्या, फ्रिजमधला कच्चट टोमॅटो वापरला, किंवा सगळं तासभर आधी मीठ लावून ठेवलं, तर सुटतं ते नुसतं फिकट पाणी, आणि तेल त्यावर तवंगासारखं वेगळं तरंगत राहतं. ओळखायचं कसं? तळातला चमचाभर रस चाखून बघा. अजून एक चमचा घ्यावासा वाटला तर सॅलड बरोबर जमलंय. तुमच्याकडे बहुधा दुसऱ्या तऱ्हेचं पाणी सुटत असणार.

यात आपल्या हाताची सवयही आड येते. आपण कोशिंबिरीसाठी काकडी चोचवतो, मीठ लावून पिळतो, टोमॅटो बारीक चिरतो, कारण वर दही किंवा दाण्याचं कूट यायचं असतं आणि पाणी नको असतं. इथे सगळं उलट आहे. तुकडे मोठे, काहीही पिळायचं नाही, बिया काढायच्या नाहीत, आणि चिरण्यापासून ताटात येण्यापर्यंत वेळ कमी.

आता टोमॅटो. निम्म्याहून जास्त काम तोच करतो, म्हणून त्याच्याविषयी जास्त लिहितो. आपल्या बाजारात नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतून येणारा बराचसा टोमॅटो दूरच्या प्रवासात टिकावा म्हणून निवडलेल्या संकरित जातींचा असतो : लांबट, जाड सालीचा, घट्ट, कमी रसाचा. आमटीला, सॉसला तो चांगला. या सॅलडला नाही. गोल, थोडा चपटा, वेडावाकडा, देठाशी पन्हळी असलेला गावठी टोमॅटो मिळाला तर तोच घ्या. आठवडी बाजारात शेतकरी स्वतः विकायला बसतात तिथे तो अजून मिळतो. हाताला जड लागला पाहिजे, अंगठ्याने हलकं दाबल्यावर किंचित दबला पाहिजे, आणि देठाजवळ नाक नेलं की वास यायला हवा. वास नसेल तर चवही नसेल. चेरी टोमॅटो हा मला मान्य असलेला पर्याय आहे, कारण लहान टोमॅटोत गोडवा बरा असतो. फक्त ते अर्धे करा, नाहीतर रस सुटायचाच नाही.

आणलेले टोमॅटो फ्रिजबाहेर ठेवा, टोपलीत, एकावर एक न रचता. कच्चट असतील तर दोन-तीन दिवसांत पिकतात. टोमॅटो थंडीत ठेवला की त्याचा वास जातो हा स्वयंपाकघरातला जुना अनुभव आहे, आणि २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं कारणही दाखवलं : थंडीत वास तयार करणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं, आणि टोमॅटो पुन्हा बाहेर काढून ठेवला तरी ते पूर्ववत होत नाही. अगदी पिकून फुटायला आलेला टोमॅटो एखादा दिवस फ्रिजमध्ये ठेवावा लागला तर ठेवा, पण खाण्याआधी दोन-तीन तास बाहेर काढा. फ्रिजमधून काढून थेट चिरलेल्या टोमॅटोचं ग्रीक सॅलड कधीच चांगलं होत नाही, मग फेटा कितीही महागाचा असो.

बिया आणि भोवतीचा गर काढून टाकायची शिकवण काही हॉटेलांतून आली आहे, कारण ताट स्वच्छ दिसतं. या सॅलडपुरती ती विसरा. त्या गरातच आंबटपणा असतो आणि टोमॅटोला मांसल, रुचकर चव देणारं ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा तिथे जास्त असतं. तो टाकला तर ड्रेसिंगच टाकून दिल्यासारखं होतं. काढायचा तो फक्त देठाखालचा पांढरा, टणक भाग.

चिरताना चौकोनी तुकडे करू नका. मध्यम टोमॅटोच्या सहा-आठ फोडी करा, मोठा असेल तर प्रत्येक फोड आडवी कापून दोन तुकडे. तिकडच्या बायका पाट-विळी तर सोडाच, पाटीसुद्धा घेत नाहीत. टोमॅटो डाव्या हातात धरून वाडग्यावरच छोट्या सुरीने फोडी पाडतात. सुरुवातीला मला ते घाईचं काम वाटायचं, नंतर लक्षात आलं की त्यात एक थेंब रस वाया जात नाही. तुम्ही पाटीवर चिरत असाल तर पाटीवर सांडलेला रसही वाडग्यात ओता.

काकडीचं फार नाही. बारीक सालीची, कोवळी खिरा काकडी घ्या. साल पूर्ण काढू नका, एक पट्टा सोलायचा आणि एक ठेवायचा, म्हणजे कुरकुरीतपणा राहतो. सेंटिमीटरभर जाड चकत्या किंवा अर्धचकत्या. कडवटपणा देठाकडच्या टोकाला जास्त असतो, म्हणून ते टोक कापून चाखून बघितल्याशिवाय काकडी वाडग्यात टाकू नका. एक कडू काकडी सगळा रस बिघडवते. जून, मोठ्या बियांची काकडी असेल तर मात्र बियांचा भाग काढा. टोमॅटोचा बियांभोवतीचा गर चवीचा, जून काकडीचा नुसता पाणचट.

आपला कांदा ग्रीसमधल्या सॅलडच्या कांद्यापेक्षा तिखट असतो, विशेषतः साठवणीतला. पातळ चकत्या करा, धारदार सुरीने, कारण बोथट सुरीने पेशी चेंगरतात आणि उग्रपणा वाढतो. मग दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, निथळा, आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्या. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तो मिळत असेल तर भिजवायचीही गरज नाही; तो मुळातच सौम्य आणि गोडसर असतो. लाल रंग येणार नाही, पण चवीत मला तो जास्त आवडतो.

हिरव्या ढोबळी मिरचीबद्दल घराघरांत मतभेद आहेत. तिकडे पातळ सालीची, लांबट, फिकट हिरवी मिरची पुष्कळदा वापरतात. आपल्याकडची जाड सालीची ढोबळी, जिला कोल्हापूरकडे ढबू म्हणतात, कच्ची खाताना जड आणि कडसर लागते. म्हणून चार माणसांना अर्धी पुरे, तीही कागदासारख्या पातळ गोल चकत्यांत. बिया काढलेली, कमी तिखट भावनगरी मिरची मला जास्त जवळची वाटते. आणि लाल-पिवळी ढोबळी नको; ती गोड असते, आणि त्या गोडपणापुढे टोमॅटो फिका पडतो.

एक पान मात्र या सॅलडमध्ये खरोखर जातं आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी सांगत नाही : घोळ. आपली भाजीतली घोळ, तीच. ग्रीसमध्ये तिला ग्लिस्त्रीदा म्हणतात, उन्हाळ्यात शेताबांधावर उगवते आणि कित्येक घरांत तिचे कोवळे शेंडे कच्चेच होर्यातिकीत टाकतात. (होर्यातिकी हे या सॅलडचं ग्रीसमधलं नाव.) किंचित आंबट, रसरशीत, दाताखाली कुरकुरणारी. मंडईत घोळीची जुडी दिसली तर मूठभर शेंडे खुडा, माती जाईपर्यंत तीन पाण्यांतून धुवा, पूर्ण कोरडे करा आणि घाला. पाहुणे विचारतील हे काय आहे.

लेट्यूसचा प्रश्न यातच सुटला. उन्हाळ्याच्या होर्यातिकीत लेट्यूस नसतं. ते आलं अमेरिकेतल्या ग्रीक खाणावळींतून, आणि तिकडे या पदार्थाने बरीच रूपं घेतली. फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्ज गावात, जिथे स्पंज काढणारे ग्रीक पाणबुडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थायिक झाले, सॅलडखाली बटाट्याचं सॅलडही घालतात. ते त्यांचं, त्यांच्या जागी ठीक. ग्रीसमध्ये लेट्यूस थंडीत आणि वसंतात खातात, आणि त्याचं सॅलड अगदी वेगळं असतं : रोमेन लेट्यूस बारीक चिरून, त्यात कांद्याची पात, भरपूर शेपू, तेल आणि लिंबू. शेपूच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनीही एकदा ते खाऊन बघावं.

ऑलिव्हसाठी एकच आग्रह धरतो. पिझ्झावर असतात त्या काळ्या, बिनबियांच्या चकत्या घेऊ नका. ती फळं मुळात कच्ची काढलेली असतात, क्षारात आणि हवेत काळी केलेली, आणि तो काळा रंग लोहाच्या क्षाराने पक्का केलेला असतो. चव जवळजवळ उरतच नाही. कालामाता जातीचे घ्या : जांभळट काळे, बदामासारखे टोकदार, बियांसकट. पेलोपोनीजच्या दक्षिणेला कालामाता शहर आहे, त्याच्या आसपासच्या मेसिनिया भागातले. बी असलेलं ऑलिव्ह मऊ पडत नाही आणि रसात भलता खारटपणा सोडत नाही. माणशी चार-पाच पुरेत. फक्त वाढताना बिया आहेत हे सांगा, मुलं असतील तर आधी काढून ठेवा. बाटलीतलं पाणी फार खारट किंवा आंबट असेल तर ऑलिव्ह एकदा साध्या पाण्यातून काढा.

फेट्याबद्दल तुमची तक्रार खारटपणाची आहे, आणि ती दोन कारणांनी होते. पहिलं, फेटा कुस्करून मिसळला जातो. तसं केलं की प्रत्येक घासात मीठ येतं, रस दुधाळ होतो आणि टोमॅटोची चव दबते. फेट्याची अख्खी वडी वर ठेवायची, बोटभर जाड. ज्याने त्याने काट्याने हवा तेवढा तुकडा मोडून घ्यायचा. मग एक घास टोमॅटोचा, एक फेट्याचा, असं खाणं होतं आणि खारट-आंबट-गोड आलटून पालटून लागतं. दुसरं कारण, आपल्याकडे मिळणारे काही फेटे खरंच जास्त खारट असतात. अशी वडी अर्धा तास साध्या गार पाण्यात ठेवा, मधे एकदा पाणी बदला.

खरा फेटा मेंढीच्या दुधाचा असतो; त्यात शेळीचं दूध ३० टक्क्यांपर्यंत चालतं, गाईचं अजिबात नाही, आणि तो निदान दोन महिने मुरलेला असावा लागतो. २००२ मध्ये युरोपीय संघाने हे नाव ग्रीसच्या मुख्य भूमीपुरतं आणि लेस्बोस बेटापुरतं राखून ठेवलं. जर्मनी आणि डेन्मार्कने त्याला आव्हान दिलं, पण २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्रीसच्याच बाजूने निकाल दिला. पुढे २०२२ मध्ये, डेन्मार्कच्या डेअऱ्या संघाबाहेर पाठवायच्या चीजवर फेटा हे नाव घालतात ते थांबवलं नाही, म्हणून त्या देशाच्या विरोधातही निकाल लागला. युरोपात राहणाऱ्यांना त्यामुळे पाकिटावरचं नाव बघून भागतं. भारतात किंवा अमेरिकेत गाईच्या दुधाच्या चीजवरही फेटा लिहिलेलं दिसतं, म्हणून घटकांची यादी वाचा. मेंढीच्या दुधाचा फेटा पांढराशुभ्र, किंचित ठिसूळ आणि शेवटी लिंबासारखा आंबट लागतो. गाईच्या दुधाचा पिवळसर, लोण्यासारखा गुळगुळीत आणि एकसुरी खारट. शाकाहारी घरांसाठी अजून एक गोष्ट : फेट्याचं दूध विरजायला परंपरेने कोकराच्या किंवा करडाच्या जठरातलं रेनेट वापरतात. तुम्हाला ते चालत नसेल तर पाकिटावर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेरियन रेनेट लिहिलेलं आहे ना, एवढं पाहून घ्या.

पनीर चालेल का, हे लोक हमखास विचारतात. माझं मत, नाही. पनीर उष्णता आणि आंबट घालून फाडलेलं दूध आहे. ते मुरत नाही, त्यात आंबटपणा उतरत नाही. मिठाच्या पाण्यात ठेवलं तर खारट पनीर मिळतं, फेटा मिळत नाही. फेटा नसेल तर चीज न घालता सॅलड करा, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचा १ ते १४ ऑगस्ट उपवास असतो, १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणाआधीचा, आणि त्यात मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य. म्हणजे नेमका टोमॅटो सगळ्यात चांगला असतो तेव्हाच. त्या दिवसांत घरोघरी नुसत्या टोमॅटो-काकडीचं सॅलड होतं, अंगुरोदोमाता नावाचं, आणि तेल-मीठ-ओरेगॅनोवर ते उत्तम लागतं. वाईट फेटा घालण्यापेक्षा मी नेहमी तेच करायला सांगतो.

उरलेला फेटा पाकिटात कोरडा ठेवू नका. पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवा, वडी त्यात पूर्ण बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर छान राहते. फ्रीझरमध्ये टाकली तर भुसभुशीत होते.

तेल एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं. दुकानात ‘पोमेस’ आणि ‘एक्स्ट्रा लाइट’ अशाही बाटल्या असतात. ती शुद्ध केलेली तेलं तळणीला ठीक, कच्चं खायला नाहीत. ग्रीसमध्ये कोरोनेइकी नावाच्या बारीक फळाच्या जातीचं तेल सगळ्यात जास्त. त्याला हिरवट वास असतो, गिळताना घशात किंचित तिखट लागतं. तो तिखटपणा म्हणजे तेल बिघडल्याची खूण समजून पुष्कळ लोक बाटली बाजूला ठेवतात. खरं तर ती ताज्या, चांगल्या तेलाची खूण आहे. गडद काचेची बाटली किंवा डबा घ्या, फळं कधी काढली ते लिहिलं असेल तर बघा, आणि बाटली ओट्यावर शेगडीजवळ ठेवू नका. आणि तेल घालताना हात आखडू नका. चौघांच्या सॅलडला चार-पाच मोठे चमचे हे तिकडच्या मानाने बेताचंच आहे. एवढं तेल नसेल तर टोमॅटोच्या रसाला धरायला काही नसतं, आणि तेव्हाच ते पाणी पाणी वाटतं.

लिंबू या सॅलडला लागत नाही. ते कोबीच्या सॅलडवर आणि उकडलेल्या पालेभाज्यांवर पिळतात. व्हिनेगर काही घरांत चमचाभर घालतात, काही घरांत अजिबात नाही. माझा नियम असा, की मीठ लावल्यावर तळातला रस चाखायचा. आंबट असेल तर व्हिनेगर नको. गोडमिट्ट किंवा सपक असेल तर एक छोटा चमचा लाल वाइनचं व्हिनेगर. ते नसेल तर सफरचंदाचं, किंवा गोव्याचं माडाच्या ताडीचं, फक्त तेही जपून कारण त्याचा वास मोठा असतो. किराणा दुकानातलं स्वच्छ पांढरं सिंथेटिक व्हिनेगर मात्र नको, त्याने सगळं झणझणीत आणि कोरडं होतं.

ओरेगॅनो वाळलेलाच. ताजा मिळाला तरी वाळलेला, कारण वाळल्यावर त्याचा वास गडद होतो, आणि तिकडेही फुलोऱ्यासकट जुड्या वाळवून वर्षभर तोच वापरतात. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांत मीठ, मिरची, लसूण असं बरंच काही मिसळलेलं असतं. त्या या कामाच्या नाहीत. घटकांत फक्त ओरेगॅनो लिहिलेली बाटली घ्या. घालताना तळहातावर घेऊन चोळा, वास वर येतो. ओव्याच्या पानांनी काम भागेल का असंही विचारतात. वास दूरच्या नात्यातला आहे खरा, पण कच्च्या सॅलडमध्ये ते पान जाड आणि उग्र लागतं.

आता करायचं कसं ते सलग सांगतो. चौघांसाठी टोमॅटो ७०० ग्रॅम, काकडी ३०० ग्रॅम, एक लहान कांदा, अर्धी ढोबळी, पंधरा-वीस ऑलिव्ह, फेट्याची २०० ग्रॅमची वडी, तेल ६० ते ७५ मिलिलिटर, एक छोटा चमचा ओरेगॅनो, अर्धा छोटा चमचा मीठ. भाज्या सकाळीच धुवून, पुसून, फडक्यावर कोरड्या करून ठेवा. फेटा जेवणाआधी वीस मिनिटं फ्रिजबाहेर काढा. जेवायला बसायच्या पंधरा मिनिटं आधी टोमॅटोच्या फोडी रुंद, पसरट वाडग्यात घाला, त्यावर मीठ आणि निथळलेला कांदा, हाताने दोनदा वरखाली करा आणि झाकून ठेवा. त्या वेळात काकडी आणि मिरची चिरा. दहा मिनिटांनी तळात रस दिसेल. तो चाखा, व्हिनेगरचं ठरवा. मग काकडी, मिरची, घोळ, आणि तेल तीन वाट्यांपैकी दोन वाटे. एकदाच हलक्या हाताने ढवळा. वर ऑलिव्ह, मधोमध फेट्याची वडी, तिच्यावर ओरेगॅनो चोळून, आणि उरलेलं तेल त्या ओरेगॅनोवरून धारेने. केपर्स, म्हणजे एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या, असतील तर चमचाभर, खारट पाणी धुवून. एजियन बेटांवर ते झुडूप खडकांत उगवतं आणि तिथल्या सॅलडमध्ये हमखास असतं. मिरपूड, लसूण, मध, मोहरी, यातलं काही नको. मीठ पुन्हा घालू नका, फेटा आणि ऑलिव्ह आहेतच.

पाव चांगल्या कवचाचा हवा. मुंबईत असाल तर इराणी बेकरीतला ब्रून, म्हणजे कडक पाव, याला फार चांगला. गोव्यात असाल तर पोई. मऊ लादीपाव रसात पडताच विरघळतो, पोळी रस धरतच नाही. तिकडे गावठी आंबवलेल्या पावाचे जाड काप असतात. क्रीट बेटावर तर जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, तेल आणि मिझिथ्रा नावाचं मऊ चीज घालून दाकोस करतात. टोमॅटो उत्तम आणि काकडी वाईट असेल त्या दिवशी मी दाकोसच करतो, जवाच्या टोस्टऐवजी दोनदा भाजलेला ब्रून घेऊन.

ऋतूचा विचार करा. ग्रीसमध्ये हे जून ते सप्टेंबरचं सॅलड आहे. आपल्याकडे नेमके तेच महिने पावसाचे, आणि तेव्हाचा टोमॅटो पाणचट. महाराष्ट्रात मला यासाठी चांगला टोमॅटो मिळतो तो डिसेंबरपासून मार्चपर्यंत. पावसाळ्यात कोणी मागितलं तर मी कोबीचं करतो, त्यांच्या हिवाळ्यातलं : कोबी केसासारखा बारीक चिरून, गाजर किसून, मीठ लावून हाताने दोन मिनिटं मऊ करून, लिंबू आणि तेल. फेट्याशिवाय. तेही तितकंच ग्रीक आहे, आणि जुलैतल्या फिक्या टोमॅटोपेक्षा कितीतरी चांगलं लागतं.

‘पारंपरिक’ या शब्दाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून एवढं सांगतो, की हे सॅलड प्राचीन नाही. टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून आलेल्या. ग्रीसमध्ये टोमॅटो रुळला तो एकोणिसाव्या शतकात. ऑलिव्ह, मेंढीचं चीज, कांदा हे मात्र त्या मातीत हजारो वर्षं आहेत. शेतावर जाणारा माणूस भाकरीऐवजी पाव, कांदा, चीज, ऑलिव्ह बांधून न्यायचा, आणि नंतर टोमॅटो त्यात येऊन बसला. त्यामुळे घराघरांत फरक असणारच. मिरची नाही म्हणून किंवा केपर्स आहेत म्हणून ते खोटं ठरत नाही.

शेवटी, पार्टीला आधी करून ठेवण्याचं तुम्ही विचारलंय. वाडगा भरून फ्रिजमध्ये ठेवू नका. सगळं धुवून-पुसून अख्खं तयार ठेवा, कांदा भिजत टाका, काकडी-मिरची फार तर तासभर आधी चिरून झाकून ठेवा. टोमॅटो मात्र पाहुणे आल्यावरच चिरा आणि मीठही तेव्हाच. डब्यात न्यायचं असेल तर टोमॅटो अख्खे न्या, फेट्याची वडी वेगळ्या डबीत, तेल लहान बाटलीत, आणि तिथे जाऊन पाच मिनिटांत जुळवा. उरलंच तर दुसऱ्या दिवशी सॅलड म्हणून खाऊ नका. काकडी काढून टाका, ऑलिव्ह आणि फेटा बाजूला ठेवा, आणि टोमॅटो-कांदा रसासकट पसरट तव्यात घालून पाणी आटून तेल सुटेपर्यंत शिजवा. मग त्यात तीन-चार अंडी फोडून मंद आचेवर मोठे मोठे लगदे होतील असं ढवळा, आणि उतरवताना उरलेला फेटा वर मोडून टाका. पेलोपोनीजमध्ये याला कायानास म्हणतात. यातही मीठ घालू नका, फेट्याचं पुरतं.